उजव्या कानातले बुवा

एक

सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, एवढाच आमच्या सप्ताहाचा कडक नियम. एका गळ्यातून निघाली की ती दुसऱ्या गळ्यात जायची. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याने देवापुढे उभं राहायचं, तार छेडायची आणि मुखाने रामकृष्णहरी म्हणायचं. नाद तुटता कामा नये. देशावर या पहाऱ्याला माणसं रांग लावतात. कलकत्त्यात आमची घरं मोजकी, त्यातली निम्मी बँकांच्या आणि सरकारी बदल्यांवर आलेली. त्यामुळे सगळा भार पाच-सहा गळ्यांवर, आणि त्यातलाही मोठा वाटा गुरुदत्तचा.

गुरुदत्त आमचा कीर्तनकार. दिवसा शाळेत गणित शिकवतो, पण कीर्तनाला उभा राहिला की वाटतं, या माणसाला देवाने दुसरं काही काम सांगितलेलंच नसणार. वीणा त्याच्या वडिलांची. त्यांना आम्ही थोरले बुवा म्हणायचो. त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली. शेवटच्या वर्षी त्यांची दृष्टी गेली होती, तरी पहारा सोडला नव्हता. यंदा सप्ताहाचं पंचविसावं वर्ष, म्हणून गुरुदत्तने दसऱ्यापासून रोज पहाटे घरीही चार तास वीणा गळ्यात घेऊन उभं राहायचा नेम धरला होता.

मार्गशीर्षातला तो गुरुवार, सप्ताहाचा पाचवा दिवस. दुपारची पंगत आटोपली होती. पुढच्या सभागृहात गुरुदत्त एकटा पहाऱ्यावर. मागच्या स्वयंपाकघरात संध्याकाळच्या प्रसादाचं वाटण चाललेलं. सव्वातीनला मी त्याच्यासाठी चहा घेऊन गेलो, दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबलो.

तार वाजत नव्हती.

गुरुदत्त देवापुढे आडवा पडला होता. डोक्याखाली पोथीची गादी. वीणा चौरंगावर, देवाच्या पायाशी. तिचा सोनेरी गोफ, म्हणजे गळ्यात अडकवायची विणलेली दोरी, कापलेला.

मी चहा तिथेच ठेवून धावलो. खिडकीतून हिवाळ्यातलं ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलेलं. डोळे उघडे.

"मास्तर," तो म्हणाला, "दिवे का मालवलेत?"

मी त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवला. "गुरू, दुपार आहे रे."

"बाबा आले होते." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "घड्याळात तीनचे ठोके पडले आणि सगळं काळं झालं. मग मागून आले. त्यांच्या त्या जाड धुश्शाला कापराचा वास येतो ना, तोच. माझ्या गळ्यातली वीणा त्यांनी काढून घेतली, मास्तर. मी आता लायक नाही, असंच असणार."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून सतरा मिनिटं झाली होती. मी त्याच्याजवळ बसलो. तीनला तो पडला म्हणतो. आणि स्वयंपाकघरातला मिक्सर मध्येच थांबला तेव्हा, तीन वाजून दहा मिनिटांनी, मी वीणा ऐकली होती. अगदी स्पष्ट.

दोन

माझा आरडाओरडा ऐकून सगळे आले. सगळे म्हणजे किती? चिटणीस उदयराव कचेरीतून, हार्मोनियमवाल्या मंगलाताई अंगणातून, गुरुदत्तची मुलगी नूपुर जिन्यावरून फोन कानाला लावूनच, आणि श्यामलाताई स्वयंपाकघरातून, हाताला खोबरं लागलेलं. गुरुदत्तच्या आई, आशाकाकू, शेजारच्या खोलीत पडल्या होत्या. ऐंशीच्या बाई, दुपारी त्यांना झोप लागते. त्यांना नंतर उठवून आणलं.

चार-पाच मिनिटांत गुरुदत्तला दिसू लागलं. उदयरावांनी मात्र कपाळाला हात लावला. "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. वीणा खाली आली. अखंड खंडित झालं!"

मला काय सुचलं कोण जाणे, मी पुढे होऊन वीणा उचलली, छातीशी धरली आणि तार छेडली. "रामकृष्णहरी" म्हणायला लागलो. खंडित झालं असेल तर देव बघून घेईल, आपण आपल्या हाताने आणखी का तोडायचं?

"सहाला मी येतो," गुरुदत्त भिंतीला धरून उठला. "नवा गोफ बांधून ठेवा. आता शनिवारच्या काल्यापर्यंत वीणा माझ्याच गळ्यात. मला कुणी बदली द्यायला यायचं नाही."

"बाबा, नाही!" नूपुर ओरडली. ती इथेच जन्मलेली, सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीला. तिचं मराठी घाईत अडखळतं. "तू आधी डॉक्टरकडे चल. मी किती दिवस बोलते!"

"बाबांचे डोळे गेले तेव्हा ते डॉक्टरकडे गेले नाहीत, पहाऱ्यावर गेले," गुरुदत्त म्हणाला आणि आईच्या खोलीत जाऊन पडला.

उदयराव मंगलाताईंकडे वळले. "हे कुणाचं काम आहे ते सांगायला नको. भाद्रपदातल्या सभेत तुम्हीच म्हणालात ना, बायकांना वीणा देत नाही तर तुमची वीणा एक दिवस अडेल म्हणून?"

"म्हणाले होते," मंगलाताईंचा चेहरा पांढरा पडला. "माणसं कमी पडताहेत म्हणून म्हणाले होते."

"आणि पावणेतीनला तुम्ही इथून पदराखाली काहीतरी घेऊन रडत बाहेर पडलात. कचेरीच्या खिडकीतून मी पाहिलंय. उद्यापासून तुमची पेटी बंद. संध्याकाळी सहाला सगळ्यांसमोर जाहीर करतो."

"थांबा हो उदयराव." श्यामलाताई हात पुसत पुढे आल्या. "जाहीर सहाला करायचंय ना? अडीच तास आहेत."

श्यामलाताई सियालदहच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेल्या. एकतीस वर्षं एकच काम: फुटलेल्या पेट्या आणि फाटलेल्या गोण्या बघून सांगायचं, माल वाटेत तुटला की कुणी तोडला. खोटे दावे करणारे व्यापारी त्यांना बघून चळाचळा कापत. कीर्तनाला मात्र नेमाने यायच्या, आणि आख्यान रंगलं की माझ्या आधी त्यांचे डोळे भरून यायचे.

त्या माझ्यापाशी आल्या. वीणेच्या भोपळ्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, मग वाकून फरशीवरून तेच बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"मास्तर, तुम्ही बोलू नका, नामच चालू द्या. होय-नाही मानेने सांगा. दुपारच्या आरतीला बुक्का उधळला, तो इथे सगळीकडे पडलाय?"

मी मान हलवली.

"आणि भोपळ्याला सकाळी खोबरेल तेल लावलंत?"

लावलं होतं. रोज मीच लावतो.

"मग हा तेलकट भोपळा या फरशीला टेकला असता तर बुक्क्याने माखला असता. एक कण नाही." त्या सगळ्यांकडे वळल्या. "उदयराव, वीणा खाली पडलीच नाही. गोफ तुटताना ती कुणीतरी झेलली."

तीन

आणि तसाच, वीणा छातीशी धरून, मी त्या दुपारचा सगळा तपास ऐकला. मला हलता येत नव्हतं आणि बोलता तर नाहीच. मुखाने नाम, आणि कान दुसरीकडे. देवाने क्षमा करावी.

पहिल्या मंगलाताई.

"पदराखाली काय होतं?"

"ज्येष्ठमधाची डबी. गुरुदत्तसाठी आणली होती, घशाला. त्याने घेतली नाही. म्हणाला, घसा ठीक आहे, उजव्या कानात बाबा आहेत."

"कानात?"

"त्याला ऐकू येतात म्हणे. हुंऽऽ हुंऽऽ हुंऽऽ, एका लयीत. कुणी नाव वल्हवावी तसं. वीणा गळ्यात आली की वाढतं, आणि निजला की फार. मला म्हणाला, 'ताई, बाबा माझ्या मानेशी उभं राहून श्वास घेतात.' मला रडू आलं. एवढा शहाणा माणूस." त्यांनी डोळे टिपले. "मी त्याच्या गळ्याला हात लावीन का हो?"

"तुम्ही गेलात तेव्हा इथे आणखी कोण होतं?"

"कुणी नाही. तो एकटाच."

मग नूपुर. तिने फोनच पुढे केला. "बघा, मी लिहून ठेवते. ऑक्टोबर, दसरा झाल्यावर: बाबाचं डोकं सकाळी खूप दुखते, उठून बसला की कमी. नोव्हेंबर: बाबा देवाला वाकला की डोळ्यापुढे काळं होते, पाच-सात सेकंद. तो सांगतो, देव मला तोंड दाखवत नाही. हे काय असते, श्यामलाआजी? देव असं करते का?"

"देव असं करत नाही, राणी." श्यामलाताईंचा आवाज एकदम मऊ झाला. "वीणेचा राग येतो तुला?"

"खूप! मला ती फोडावीशी वाटते." मग माझ्याकडे बघून ती ओशाळली. "पण मी नाही कापली. कापली असती तर सांगितलं असतं. भांडले असते सगळ्यांशी."

"हे मात्र पटलं," श्यामलाताई म्हणाल्या. "तुझी ती ओळखीची डोळ्यांची डॉक्टर, सॉल्ट लेकमधली, मधुवंती, तिला फोन लाव. म्हणावं, उपकरण घेऊन सहाच्या आत ये. बाबा जात नसेल तर डॉक्टरने यावं."

नूपुर धावली. श्यामलाताईंनी कापलेला गोफ उजेडात धरला.

"तुटलेली दोरी केसाळ असते, मास्तर. सुरीने कापलेली तिरकी. कात्रीची सरळ. ही बघा. दोन्ही बाजूंनी चावून चपटी केलीय, तीन-चार दमांत. आणि कापलीय कुठे, तर डाव्या खांद्यावर, गळ्यापासून चार बोटं दूर. मान उजवीकडे कललेली, म्हणजे डावीकडे जागा मिळाली. हात थरथरत होते, पण त्याला ओरखडा उमटू द्यायचा नव्हता."

त्यांची नजर देवाशेजारच्या विड्याच्या तबकावर गेली. पाच विडे मांडलेले, आणि शेजारी पाच सुपाऱ्या. अख्ख्या.

"रोज कातरलेली असते ना सुपारी?"

मी मान हलवली. रोज असते.

"मग आज अडकित्ता कुठे गेला?"

तेवढ्यात उदयराव आत आले. "ताई, पुरे झालं आता. वीणा झेलली म्हणता, डोक्याखाली गादी दिली म्हणता. गुरुदत्तच सांगतोय कोण आलं होतं ते. थोरल्या बुवांनी पहारा स्वतःकडे घेतला असेल, तर आपण कोण विचारणारे?"

मी बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही. दोन नामांच्या मध्ये मी म्हणालो, "मी ऐकलं. तीन वाजून दहाला. गुरुदत्त घाईने दोनदा छेडतो. तसं नव्हतं. एक छेड, मग थांबणं. परत एक छेड."

उदयराव भिंतीला टेकले. कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, तशी तार या जगात एकच माणूस छेडत असे, आणि त्याची राख आम्हीच गंगेत सोडली होती.

चार

श्यामलाताईंनी गोफाची कापलेली टोकं जुळवून पाहिली. बाहेर शाळेच्या बसगाड्या परतत होत्या. ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं होतं.

"भूत गळ्यातली वीणा काढील," शेवटी त्या म्हणाल्या. "वाजवीलही. पण भुताला अडकित्ता लागत नाही, आणि ते पडलेल्याच्या डोक्याखाली उशी सरकवत नाही. हे माणूस आहे. आणि ज्याला पहारा तुटू द्यायचा नाही, असं माणूस आहे. वीणा ओढून घ्यायला आलं असतं तर घेऊन गेलं असतं. हे माणूस पंधरा मिनिटं इथे उभं राहून वाजवत होतं." त्या उदयरावांकडे वळल्या. "हा गोफ कधीपासून?"

"दसऱ्यापासून. खंडेनवमीला वाद्यांची पूजा झाली तेव्हा मीच घातला. एस्प्लनेडला जरीच्या दुकानातून आणला. रौप्यमहोत्सवाचे फोटो निघणार, आणि वीणेला तो जुनाट चिंध्यांचा पट्टा! बरं दिसत नव्हतं हो."

"कुणी हरकत घेतली?"

"छे. म्हणजे... आशाकाकू म्हणत होत्या, जुनाच राहू दे. म्हाताऱ्या माणसांचं असतं तसं. आम्ही हसलो."

"जुना पट्टा?"

"उत्सवाच्या कपाटात."

श्यामलाताई स्वतः गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तळहाताएवढा रुंद, जाड पट्टा होता. इरकली लुगड्याचे तुकडे गोधडीसारखे टाचून शिवलेला. त्यांनी तो माझ्या डोळ्यांपुढे धरला आणि चिमटीत दाबत टोकापासून टोकापर्यंत नेला.

"डावीकडे दोन घड्या. मागे तीन. आणि इथे, उजव्या कानाखाली येतो तिथे?" त्यांनी दाबलं. "आठ. इथेच आठ, आणि खाली खांद्यावर एक बंद, म्हणजे ओझं मानेवर न येता खांद्यावर जावं. सियालदहचे हमाल बघा. दीड मण डोक्यावर घेतील, पाठीवर घेतील, पण दोरी कधी गळ्याच्या बाजूला येऊ देणार नाहीत. विचारलं तर म्हणतात, 'दिदी, तिथे दाबलं की चोखे अंधार.' डोळ्यांपुढे अंधार! हमालांना जे कळतं ते आम्हाला कळलं नाही. पण ज्याने हा पट्टा शिवला त्याला कळलं होतं. एकवीस वर्षांपूर्वी."

मी त्या लुगड्याकडे बघत राहिलो. निळं इरकल, लाल काठ. हे लुगडं मी पाहिलेलं होतं. दरवर्षी काल्याच्या दिवशी, पहिल्या रांगेत.

"मास्तर," श्यामलाताई हळूच म्हणाल्या, "मघाशी कोण कोण होतं ते आपण मोजलं. स्वयंपाकघर, कचेरी, अंगण, जिना. शेजारच्या खोलीत कोण होतं ते आपण मोजलंच नाही. ती रोज असते, म्हणून आपल्याला दिसत नाही."

घड्याळात सहाला पाच कमी होते. दाराशी पावलं वाजली. गुरुदत्त आला होता, अंघोळ करून, सोवळं नेसून, कपाळाला बुक्का. त्याच्या हातात नवा गोफ होता. पहिल्यापेक्षाही बारीक.

पाच

सभागृह भरत होतं. ऑफिसं सुटून माणसं येत होती. गुरुदत्त माझ्यासमोर उभा राहिला आणि वीणेसाठी हात पुढे केले.

मी दिली नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी वीणेकऱ्याला वीणा नाकारली.

"मास्तर?"

"आधी ही मुलगी तुझे डोळे बघेल," श्यामलाताई मध्ये आल्या. त्यांच्यामागे डॉक्टर मधुवंती, श्वास लागलेला, हातात छोटं उपकरण. "दोन मिनिटं. देव थांबेल. त्याला सवय आहे."

गुरुदत्तला हसू आलं, आणि तो बसला. मधुवंतीने त्याच्या डोळ्यात उजेड टाकला. एक डोळा. दुसरा. पुन्हा पहिला. तिचा चेहरा बदलला.

"काका, आवाज कुठल्या कानात येतो?"

"उजव्या."

"आता येतोय?"

"येतोय. आताही."

तिने दोन बोटं त्याच्या उजव्या जबड्याखाली, मानेच्या बाजूला, अगदी हलकेच टेकवली.

गुरुदत्त दचकला. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग देवाकडे, मग आमच्या सगळ्यांकडे, कुणीतरी खोलीतून उठून गेल्यासारखं. "गेले," तो म्हणाला. आणि मग, लगेच, "बोट काढ. बाळ, एकदाच काढ."

तिने काढलं. तो ऐकत राहिला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी खूप कीर्तनं ऐकलीत, खूप माणसांना रडताना पाहिलंय. पण बाप दुसऱ्यांदा मेल्यावर माणूस कसा रडतो ते त्या संध्याकाळी पाहिलं.

"काका, हे तुमचं स्वतःचं रक्त आहे," मधुवंती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. "मेंदूकडे गेलेलं रक्त मानेतल्या दोन मोठ्या शिरांतून खाली उतरतं. उजवीकडची दबत असावी, असा माझा अंदाज आहे. ठनठनियाच्या रस्त्यावर पाऊस पडला की काय होतं? पाणी येत राहतं, निचरा बंद, गुडघाभर तुंबतं. तसं डोक्यात तुंबतंय. आतला दाब वाढलाय. तुमच्या दोन्ही डोळ्यांच्या नसा सुजल्यात, मला दिसल्या. म्हणून वाकलं की काळोख, म्हणून निजलं की डोकं दुखतं. बाकीचं तपासण्या सांगतील, पण एक मी आत्ताच सांगते. ती दोरी आज परत गळ्यात घातलीत, आणि दोन दिवस तशीच ठेवलीत, तर शनिवारी तुम्हाला काला दिसणार नाही. पुढचाही नाही."

मी नाम म्हणत होतो, पण ओठांतल्या ओठांत.

"बाबांनाही हेच?" गुरुदत्तने विचारलं.

"सांगता येत नाही. काही घराण्यांत कानाखालचं सुईसारखं हाड लांब असतं, शीर त्यात चेंगरते. असेलही."

"त्यांनाही हेच होतं," दारातून आवाज आला.

आशाकाकू उभ्या होत्या. अंगावर थोरल्या बुवांचा धुस्सा, आणि सभागृहभर त्याचा कापराचा वास. त्यांनी कनवटीचा अडकित्ता काढून विड्याच्या तबकात ठेवला.

"मंगलाला कुणी काही बोलायचं नाही. मी कापला."

उदयराव उठून उभे राहिले.

"ह्यांची वीणा तेव्हा पंधरा दिवस दुरुस्तीला गेली होती," काकू भिंत धरून सावकाश पुढे आल्या. "त्या पंधरा दिवसांत ह्यांना ताटातला भात दिसायला लागला. वीणा रेशमी दोरी लावून परत आली, आणि आठवड्यात पुन्हा अंधार. मी म्हटलं, ती दोरीच. हे म्हणाले, देवाच्या वस्तूला बोल लावू नकोस. शपथ घातली. ते गेले तेव्हा पहिलं काम काय केलं असेल, तर तो पट्टा शिवला. मला डॉक्टरी कळत नाही. पण गोफ कुठे रुततो ते मी वर्षभर ह्यांच्या मानेवर पाहिलं होतं, तेल लावताना."

"आई, मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. दसऱ्याला सांगितलं, दिवाळीला सांगितलं. तू म्हणालास, कानात बाबा आहेत." त्यांनी धुस्सा सावरला. "त्यांच्यापुढे माझं कोण ऐकणार? आज दुपारी सुपारी कातरायला आले, तर तू उभ्याउभ्या काळानिळा. ठोके पडले नि तुझे गुडघे गेले. मी वीणेला खालून हात घातला, गोफ तोडला. तू भिंतीवरून घसरत बसलास, मग आडवा झालास, आणि तोंडावर रंग आला. श्वास नीट चालला. मी हाका मारल्या रे. आत तो मिक्सर. वीणा खाली ठेवून धावू कशी? तुझ्या बापाचा पंचवीस वर्षांचा पहारा. पायाने गादी ओढली, तुझ्या डोक्याखाली सारली, आणि उभी राहिले. त्यांना वाजवताना बघितलं होतं, तसं वाजवलं."

एक छेड, मग थांबणं. मी डोळे मिटले.

"मास्तरांची पावलं आली तशी चौरंगावर ठेवली आणि मागच्या दाराने गेले. बाईच्या हातात सापडली असती तर उदय म्हणाला असता, वीणा बाटली. निदान ह्यांनी नेली म्हटल्यावर कुणी बोलणार नाही." त्या उदयरावांपुढे थांबल्या. "आता बोल."

सगळं सभागृह उदयरावांकडे बघत होतं. श्यामलाताई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "हिशेब सोपा आहे, उदयराव. तीन ते सव्वातीन वीणा काकूंच्या हातात होती. मग मास्तरांनी घेईपर्यंत चौरंगावर, जमिनीला टेकलीच नाही; कडक नियम तेवढाच. बाईचा पहारा धरायचा नसेल, तर सप्ताह खंडित. आणि सप्ताह अखंड असेल, तर बाईचा पहारा धरला. दोन्हींतलं एक निवडा."

उदयराव कडक माणूस, पण देवाला भिणारा. त्यांनी तो बारीक नवा गोफ गुरुदत्तच्या हातातून घेतला, खिशात कोंबला, आणि जुना इरकली पट्टा स्वतःच्या हाताने वीणेला बांधायला घेतला. गाठ बसेना, दोनदा सुटली. मग ते मागे न बघता म्हणाले, "मंगलाताई, मास्तर अडीच तास उभे आहेत. पुढचा पहारा कुणाचा?"

मंगलाताई पुढे आल्या. मी वीणा त्यांच्या खांद्यावर चढवली. हात मोकळे झाले तेव्हा कळलं, ते किती वेळापासून बधिर होते.

त्याच संध्याकाळी गुरुदत्तला इस्पितळात नेलं. तपासण्यांत मधुवंतीचा अंदाज खरा निघाला: डावी शीर जन्मापासून दोऱ्याएवढी, सगळा भार उजवीवर, आणि उजवी शीर कानाखालचं लांब हाड आणि मणका यांच्यामध्ये अडकलेली. गोफाने आणि तारेकडे मान कलवायच्या सवयीने उरलासुरला मार्ग बंद केला होता. औषधं झाली, पुढे हाड तासायची शस्त्रक्रिया झाली. डाव्या डोळ्याच्या एका कोपऱ्यात थोडा काळोख राहिला आहे. बाकी सगळं दिसतं.

पण मला आठवतो तो इस्पितळाकडे निघतानाचा क्षण. गाडी दारात उभी होती. नूपुरने बापाचा हात धरला होता. गुरुदत्त देवापुढे आला आणि सवयीने नमस्काराला वाकू लागला.

"वाकू नकोस," आशाकाकूंनी त्याला खांद्याशी धरलं. "उभ्यानेच हात जोड."

त्याने ताठ मानेने हात जोडले. मागे मंगलाताईंची तार चालू होती. कितीतरी आठवड्यांनी त्याने देवाकडे बघितलं, आणि पूर्ण नमस्कारभर देव त्याला दिसत राहिला.